सुधाला, पेट्या घेण्याआधी

मेढा, 12 ऑगस्ट

प्रिय सुधा,

तुझं पत्र मिळालं. दहा मधपेट्या घ्यायच्या म्हणतेस? अगं, दोन घे. एकच घेतलीस तर तिचं काही बिघडलंय का, हे ताडून बघायला शेजारी दुसरी नसते. शिवाय एकीची राणी मेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची चौकट, म्हणजे माश्या जिच्यात पोळं बांधतात ती काढता-घालता येणारी लाकडी फ्रेम, देता येते, त्यावर माश्या नवी राणी तयार करतात. आणि दहा घेतल्यास तर पहिल्या पावसाळ्यात तुला रडायलाही फुरसत मिळायची नाही.

पेटी कुठली ते विचारलंस, पण आधी माशी ठरव. आग्या पेटीत राहत नाही. फुलोरी उघड्यावर एकुलतं एक पोळं बांधते, तीही नाही. उरल्या आपली सातेरी आणि बाहेरून आलेली मेलिफेरा. मेलिफेरा मध जास्त देते, पण तिच्या पेट्या ट्रकात घालून सूर्यफूल, ओवा, मोहरी असं फुलोऱ्यामागे हिंडावं लागतं. काजूच्या बागा सोडून तू कुठे हिंडणार? सातेरी तुझ्या गावात आधीपासूनच आहे, देवराईतल्या एखाद्या ढोलीत सापडेल. वर्षाला पाच-सात किलो मध मिळाला तरी खूश राहा.

पेटी मात्र सुताराकडून अंदाजाने करून घेऊ नकोस. मी घेतली होती. सागाची, देखणी, आणि पार निरुपयोगी! पेटीचं सगळं गणित चौकटींमधल्या फटीत असतं. माशीला फिरता येईल एवढी, साताठ मिलिमीटरची फट लागते. जास्त सुटली की माश्या मध्येच आडवंतिडवं पोळं बांधतात. माझ्या पेटीतली एक चौकट उचलली तर शेजारची तिच्यासकट वर आली, मधलं पोळं फाटलं आणि पांढऱ्या अळ्या माझ्या मनगटावर पडल्या. त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणून आयएसआय मापाची, सातेरीसाठीची ‘ए’ टाइप घे. दोन्ही पेट्या एकाच मापाच्या, म्हणजे चौकटी इकडच्या तिकडे बसतात. लाकूड वाळलेलं हवं, आतून रंग नको. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षणाची आणि निम्म्या अनुदानाची चौकशी कर. जवळच मांघर आहे, 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. एक दिवस काढून तिथल्या घरांमागच्या पेट्या नुसत्या बघून ये.

आता जागा. पहिल्या वर्षी मी पेटी पडवीला लागून ठेवली, का तर चहा पिताना दिसावी म्हणून. जूनमध्ये पागोळ्या थेट तिच्या दारापुढच्या फळीवर पडायला लागल्या. रात्री पडवीतला दिवा लागला की माश्या त्याच्याभोवती, आणि सकाळी केर काढताना सुपलीभर मेलेल्या. आषाढात एका उघडिपीला मी कपडे वाळत घालत होते, तर डोक्यावरून घोंगावत सगळी वसाहत निघून गेली. पेटी उघडली तर वाळकी पोळी, मेणकिड्याची जाळी आणि कोपऱ्यात मूठभर माश्या. सासूबाई म्हणाल्या, “पाहुणीला दारात भिजवलीस, राहील कशी?” काय बोलणार!

तेव्हा घरापासून लांब, तुमच्या विहिरीपलीकडच्या आंब्याखाली बघ. सकाळचं ऊन दारावर आलं पाहिजे आणि दुपारची सावली डोक्यावर. दार पूर्वेला किंवा आग्नेयेला कर. तुमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तिकडे पाठच हवी. फणसाखाली नको, पिकलेला फणस पेटीवर पडला तर काय होईल ते सांगायला नको. पेटी दाराच्या बाजूला किंचित उतरती ठेव, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येतं. दारासमोरून गुरांची किंवा शाळकरी पोरांची वाट नको.

स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, हे तुला कुणीही सांगेल. गवताचं कुणी सांगत नाही. गवताची एक काडी पेटीला टेकली की मुंगळ्यांना पूल झाला. मी दर रविवारी विळा घेऊन बसते. वाट्यांमध्ये पाचोळा साचला तरी तेच.

आणि एकदा ठेवलेली पेटी आवडली नाही म्हणून पन्नास पावलं हलवायची नाही. चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात आणि तिथेच घुटमळत मरतात. हलवायचीच तर रोज हातभर, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब. म्हणून आत्ताच रिकामी खुर्ची टाकून तिथे बस. ऊन कुठून येतं, पाणी कुठे तुंबतं, सगळं या पावसात दिसेल.

मला खरी काळजी तुमच्या शेजारच्या हापूसच्या बागेची आहे. मोहरावर तुडतुड्यांसाठी फवारणी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत तुझ्या माश्या बाहेर असणार. एका सकाळच्या फवारणीत पेटी साफ होते. पेट्या आणण्याआधी त्या काकांकडे जा, मधाची बाटली कबूल कर आणि फवारणी संध्याकाळी, आदल्या दिवशी कळवून करायला सांग. कळलं की माश्या घरी परतल्यावर दाराला जाळी लावायची. ते नाहीच म्हणाले तर पेट्या माहेरच्या आगरात ठेव, मी गंमत करत नाहीये.

माश्यांनी भरलेली पेटी दसरा-दिवाळीदरम्यान घे, काजू फुलायच्या आधी बस्तान बसतं. घेताना दारापाशी दहा मिनिटं उभी राहा. पायांना पिवळ्या परागाच्या गोळ्या चिकटवून माश्या आत जात असतील तर आत पिल्लं आहेत. मग चौकटी मोज, चार-पाच तरी माश्यांनी झाकलेल्या हव्यात.

तुळशीचं लग्न झालं की मी येते, हातमोजे आणि जाळीची टोपी घेऊन. तोवर विहिरीपलीकडच्या जागेचा फोटो पाठव. सकाळी आठचा एक आणि दुपारी तीनचा एक.

तुझी,
कुंदा

ता. क. भाऊजींना मधमाशी चावली तर सूज किती येते, ते आधी विचारून ठेव. मागे गांधील माशी चावल्यावर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं ना?