नितू, मायचं नाव त्या विम्यात नाही

अमळनेर, रविवार

प्रिय नितू,

दोन महिने पत्र नाही की फोन नाही, चूक माझीच. घरी सगळे बरे आहेत, गुडघाही ठीक.

तू नोकरीला जर्मनीला निघालायस, पण आज लिहितोय ते मायमुळे. सकाळी ती ओट्यावर मेथी निवडत होती, मला म्हणाली, "मना पोऱ्यानी जर्मनीना इमामा मनं बी नाव टाकेल शे." तिकडच्या विम्यात तिचं नाव आहे, म्हणून इथली आरोग्याची पॉलिसी यंदा भरायची नाही, असं तूच सांगितलंस म्हणे.

भाऊ, तसं होत नाही. तिथल्या सरकारी विम्यात कुटुंब म्हणजे बायको-मुलं, तीही तिथे राहायला आल्यावर. आईवडील बसतच नाहीत. मायला साखर आहे. पॉलिसी तुटली तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तिचा हप्ता तू निघण्याआधी भर.

आता तुझं. एजंटने गळ्यात मारलेली पॉलिसी विमानातून उतरल्यापासून रुजू होईपर्यंतच्या दिवसांपुरती ठेव, व्हिसालाही ती लागते. सरकारी विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. २०२६ साली वर्षाला ७७,४०० युरोंपर्यंत पगार असलेल्या नोकरदाराला तो घ्यावाच लागतो आणि तुझा पगार त्याच्या बराच खाली आहे. महिना ४,००० धरलास तर आरोग्यविम्याचे साधारण ३५० कापतील, तेवढेच कंपनी घालेल. शुश्रूषा विम्याचे (म्हातारपणी, आजारपणी सांभाळ लागला तर त्यासाठीचा) सुमारे ९६ वेगळे, कारण मूलबाळ नसलेल्याला थोडं जास्त पडतं. कापलेलं बघून चिडू नकोस, रुजू झाल्यावर पूजा तिथे आली आणि तिची स्वतःची कमाई नसली की ती याच पैशांत येते, वेगळा हप्ता नाही. फक्त तिचा फॉर्म तुला भरावा लागेल.

विमा संस्था (तिथे तिला क्रांकेनकासे म्हणतात) तूच निवड. टेकनिकर, आओके, बार्मर, कुठलीही चालेल, आजार बघून कुणी नाकारत नाही. नोकरीचा करार, पासपोर्ट आणि रुजू व्हायची तारीख देऊन इथूनच अर्ज कर. कंपनीला तुझी निवड रुजू झाल्यापासून १४ दिवसांत कळव, नाहीतर तीच कुठेतरी नाव घालते. करारावर "नितीन पाटील" आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट असलं, तर आताच एकसारखं करून घे. पुढे प्रत्येक कार्यालयात हेच अडतं.

कार्ड पोस्टाने येतं आणि तिथे पोस्टमन दारावरचं नाव बघतो. घरमालकाच्या नावाची पाटी असली तर पाकीट परत जातं. म्हणून चावी हातात आली की आधी पत्रपेटीवर तुझं नाव चिकटव. कार्ड यायच्या आत ताप आला तर संस्थेकडून तात्पुरता दाखला मागून घे, डॉक्टर तो चालवून घेतात. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तर ११६११७ ला फोन कर, जीवावर बेतलं तर ११२ ला.

रावेरच्या स्टँडवर केळीच्या विम्यावरून आपलं वाजलं होतं, आठवतं? मुदतीच्या आदल्या दिवशी तू म्हणत होतास, "घाई कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलच उघडेना. महिनाभर बोलला नाहीस माझ्याशी. या वेळीही रागावलास तर चालेल, पण अर्ज याच आठवड्यात टाक.

पूजाचा जर्मनचा क्लास कसा चाललाय? दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? घर भाड्याने देणार असशील तर मी बघतो.

मायच्या हप्त्याची पावती निघाली की फोटो पाठव. तिला मी सांगून आलोय, तू भरशीलच.

तुझा,
भास्कर