शहाबादी फरशीवर अ‍ॅसिड मारू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या खानापूरकडं हल्ली घराघरांत जुनी शहाबादी फरशी चकचकीत करायला अ‍ॅसिड ओततायत, आमच्याही सोप्यात एका कामगारानं तेच केलं आणि आजोबांनी घातलेली गुळगुळीत फरशी एका दुपारात खरबरीत, पांढरट झाली, बघून रडू आलं हो. ही फरशी कलबुर्गीकडच्या शहाबादची, म्हणजे चुनखडीचा दगड. त्यात मुख्य कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड पडलं की फसफसून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि दगडच विरघळतो, मळ नाही! लिंबू-चिंचेनंसुद्धा डाग पडतो, स्वयंपाकघरात सांडलं तर लगेच पुसा. दुसरं, यातलं कॅल्साइट, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट, दगडाचा कठीणपणा सांगणाऱ्या मोह्सच्या 1 ते 10 मापात फक्त 3 आणि वाळूतलं क्वार्ट्झ 7, म्हणून चपलेला लागून आलेली वाळूच ओरखडे पाडते, रोज झाडलं तरी खूप फरक पडतो. साधं पाणी नि सौम्य साबण बास. दगड काय कच्चा नाही ओ, सांभाळला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. गावातल्या देवळाची जुनी फरशी काढून टाइल्स घालायचं चाललंय, कमिटीनं आधी नुसती धुऊन तरी बघावी.

आपला एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव