परसातला फणस आणि समोरचा डोंगर
घरावर कललेला आमचा फणस आतून पोखरलाय. बुंध्यावर थाप मारली की पोकळ आवाज येतो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, साग, ऐन, किंजळ यांच्यासोबत फणसही आहे, म्हणून तो तोडायच्या परवानगीसाठी फेब्रुवारीतच रीतसर अर्ज केला. सातबारा, नकाशा, सगळं दिलं. मृग लागला तरी परवानगी नाही. नियम असायलाच हवेत. ऐन-किंजळीची राई गेली की खालच्या वाडीचा झरा आटतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण समोरच्या डोंगरावर रातोरात करवत चालते, त्यांना कोण विचारतो? निदान धोकादायक झाडाची पाहणी तरी १५ दिवसांत व्हावी, नकार असेल तर लेखी कारण मिळावं. वारा सुटला की आम्ही मुलांना पुढच्या पडवीत झोपवतो.
– एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा