रक्त पातळ करणारी गोळी कुणाला नको

नाशिक

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

पेठच्या केंद्रावर आता रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेले पेशंट तुझ्याकडे येतील. गोळी बहुतेकदा नाशिकच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लिहिलेली असेल, पण ती धोक्याची होऊ लागली की ते आधी तुझ्याच नजरेला पडायला हवं.

चालू रक्तस्राव, नुकताच झालेला मेंदूतला रक्तस्राव, यकृताचा गंभीर आजार, ही कारणं तुला पाठ आहेत. फसगत होते ती किडनीपाशी. 78 वर्षांच्या, 45 किलोच्या आजींचं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) 1.2 आलं की रिपोर्ट बरा वाटतो. गणित करून बघ: 140 मधून वय वजा कर, वजनाने गुण, मग 72 गुणिले क्रिएटिनिनने भाग, बाई असेल तर पुन्हा 0.85 ने गुण. उत्तर, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, 27 च्या आसपास येतं. डॅबिगॅट्रान या नव्या गोळीचा जवळजवळ 80 टक्के निचरा किडनीतून होतो, म्हणून 30 च्या खाली ती नकोच. हडकुळ्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन फसवं दिसतं. वजन विचारून लिहू नकोस, काट्यावर उभं कर. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर हे गणित त्याच आठवड्यात पुन्हा कर.

हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना, किंवा ऱ्हुमॅटिक आजाराने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांना, डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत. आयएनआरसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीसाठी, नाशिकला खेपा नकोत म्हणून कुणी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या जुन्या गोळ्या बदलून मागेल. मागणी समजण्यासारखी आहे, तरी देऊ नकोस. धातूच्या झडपेच्या पेशंटांवरची डॅबिगॅट्रानची चाचणी मध्येच थांबवावी लागली होती. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

अशी झडप असलेल्या तरुण बाईला प्रत्येक भेटीत पाळीची तारीख विचार. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिनमुळे बाळाच्या नाकात आणि हाडांत व्यंग येऊ शकतं. पण गोळी नुसती बंद केली तर झडपेवर गुठळी धरते आणि आईचाच जीव जातो. पाळी चुकली की त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना फोन कर. हेपरिनच्या इंजेक्शनवर कधी आणायचं ते त्यांनी ठरवायचं.

तुझ्या हातून लिहिली जाणारी औषधंही लक्षात ठेव. जुलाबाला मेट्रोनिडाझोल, गजकर्णाला फ्लुकोनाझोल, लघवीच्या जंतुसंसर्गाला कोट्रायमॉक्साझोल: तिन्हींनी वॉरफरिनचा जोर वाढतो. पर्याय असेल तर तोच दे, नसेल तर तीन ते पाच दिवसांत आयएनआर करून घे. टीबीचं रिफाम्पिसिन उलट जोर मोडतं, नव्या गोळ्यांचासुद्धा. गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक नको, आणि कमरेत इंजेक्शन तर मुळीच नको; स्नायूत आतल्या आत रक्त साठत जातं आणि बाहेरून दोन दिवस काही कळत नाही. पॅरासिटामॉल दे, तेही मोजून. रोज पूर्ण डोस घेतला तर त्यानेही आयएनआर चढतो.

पावसाळ्यात ताप आला की प्लेटलेट बघ. डेंग्यूत त्या 50,000 च्या खाली उतरल्या तर गोळी साधारणपणे थांबवावी लागते. धातूची झडप असेल तर मात्र आपल्या मनाने थांबवू नकोस, लगेच नाशिकला भरती कर. डोक्याला मार लागला असेल तर पेशंट नीट बोलत-चालत असला तरी सीटी स्कॅनला पाठव. काळी शी, लघवीत रक्त, अचानक उठलेलं जोराचं डोकं, हे प्रत्येक वेळी विचार. वरचा रक्तदाब 160 च्या पुढे राहत असेल तर आधी तो खाली आण.

नुसत्या वयावरून किंवा म्हातारा माणूस पडतो म्हणून गोळी बंद करू नकोस. ठोके अनियमित असलेल्या अशा माणसाला पडून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा गुठळीने होणाऱ्या पक्षाघाताचा धोका सहसा जास्त असतो. साधा एखादा दात काढायचा असला तरी बहुधा थांबवावी लागत नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर आदल्या दिवशी करून घे. तो 3 च्या आत असेल तर दंतवैद्यांना तसं चिठ्ठीवर लिहून दे.

तुझे,
बाबा