बंड्या, तुझ्या त्या फोननंतर

येळ्ळूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा पहाटे साडेचारला तू हॉस्पिटलच्या पार्किंगमधून फोन केलास आणि म्हणालास, सात नंबर बेडचा पेशंट गेला, त्याची बायको माझा हात धरून रडायली होती आणि मला काहीच वाटलं नाही, मी नुसता घड्याळ बघत होतो. मी अर्धवट झोपेत होतो, होतंय रे असं, जा झोप, एवढंच बोलून फोन ठेवला. त्याचं मला दोन दिवस लई वाईट वाटायलंय. तू रडत फोन केला असतास तर एवढी काळजी वाटली नसती, खरं "काहीच वाटलं नाही" हे तुझ्या तोंडून ऐकून पोटात गोळा आला, कारण जीएनएमला (नर्सिंगच्या कोर्सला) असताना पहिला मृत्यू बघितल्यावर आख्खी रात्र होस्टेलच्या जिन्यावर बसून राहिलेला बंड्या मला माहीत आहे. काल वहिनी आमच्या घरी आली होती, तिनं पण हेच सांगितलं, फोन करतात, पण काही बोलत नाहीत, बाळाचा व्हिडिओ पाठवला तर अंगठा पाठवतात. म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं तर तू वाचणार नाहीस.

मी तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगतो. 2023 चा जुलै, कणकुंबीकडचा पाऊस तुला माहीतच आहे, समोरचा रस्ता दिसत नव्हता. रात्री एकच्या पुढं आमच्या अँब्युलन्सला कॉल आला, सात वर्षांची पोरगी, जमिनीवर झोपली होती, मण्यार चावलेली. मण्यारीचं तसंच असतंय बघ, सूज नाही, फार दुखत पण नाही, घरच्यांना वाटतंय काहीतरी किडा चावला. आधी एक तास देवऋषाकडं गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा ती बोलत होती, मला म्हणाली, "दादा, डोळे उघडंनात." पापण्या खाली आलेल्या. जांबोटीच्या अलीकडं श्वास मंदावला आणि मी अँबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घेतली. एक, दोन, दाब. एक, दोन, दाब. बेळगावपर्यंत दाबतच राहिलो, अण्णा गाडी चालवत होता (आमचा पायलट, गोकाककडचा, तू भेटलायस त्याला) आणि पोरीचा बाप माझ्या पायाशी बसून तिच्या तळव्यांना राख चोळत होता. कॅज्युअल्टीत हँडओव्हर दिला तेव्हा नाडी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, गेली.

आणि बंड्या, मला पण काहीच वाटलं नाही. गाडी धुतली, हायपोक्लोराइटनं डेक पुसला, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलला, पुढचा कॉल घेतला. मला वाटलं आता आपण तयार झालो, घट्ट झालो. महिन्याभरानं बायकोनं विचारलं, तुम्ही रात्री झोपेत उजवा हात का मिटता-उघडता? मला पत्ताच नव्हता. ती म्हणाली, मोजल्यासारखं करता, थोडं थांबता आणि परत मिटता. तेव्हा कळलं, माझं तोंड गप्प होतं, हात अजून त्या गाडीतच होता. त्याच आठवड्यात आमच्या पोरानं दप्तर पावसात भिजवलं म्हणून त्याच्यावर असा ओरडलो की ते पोर आजीच्या मागं लपलं. खरा राग त्या बापावर होता, तास वाया घालवला म्हणून. तो राग तिथं काढता आला नाही, तो घरी दप्तरावर निघाला.

तुझं "काहीच वाटलं नाही" ऐकल्यावर मला माझा तो हात आठवला. न वाटणं म्हणजे मन मजबूत झालं असं तू समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली ती मी नंतर वाचली, त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: अंगातली सगळी ताकद संपल्यासारखं होणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण करतो त्याचा काही उपयोग नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण दिवसेंदिवस नीट हाताळला गेला नाही की होणारी अवस्था म्हटलंय. हे वाचून मला लई हलकं वाटलं होतं. मी कच्चा आहे असं कुणी म्हणत नव्हतं, कामाकडं बघा म्हणत होते.

तुला तालमीतले वस्ताद आठवतात काय? पहिले कितीतरी दिवस डाव शिकवलाच नाही, नुसतं पडायला शिकवलं. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून खोऱ्यानं मऊ करायला लावायचे आणि मग पाठीवर पड, कुशीवर पड, हनुवटी छातीला लाव. आपण वैतागायचो, कुस्ती मारायला आलोय का पडायला. आणि मेहनत झाली की कुणी खुराक न घेता, न झोपता परत जोर काढायला आला तर त्याला हाकलून द्यायचे. आता नर्सिंग शिकताना बघ, आपल्याला आयव्ही लावायला शिकवलं, ट्यूब टाकायला मदत कशी करायची शिकवलं, मयताची पॅकिंग शिकवली, खरं त्यानंतर घरी जाऊन जेवायला कसं बसायचं हे कुणी शिकवलं नाही. पडायचं कसं तेच राहून गेलं.

मला यातून बाहेर काढलं ते अण्णानं, आणि त्यानं काहीच केलं नाही म्हटलं तरी चालेल. वाईट कॉल झाला की गाडी स्वच्छ करून झाल्यावर तो म्हणतो, "बा, चा कुडियोणु," म्हणजे ये, चहा पिऊ. टपरीवर उभं राहतो. तो कधी "कसं वाटायलंय" विचारत नाही. पहिला चहा गप्प होतो. कधीकधी दुसरा पण गप्प. आणि मग आपोआप मी बोलायला लागतो, वळणावर बॅग हातातून सुटली होती, बापाचे हात थंड होते, असलं काहीतरी. तो ऐकतो, मधेच कन्नडमध्ये दोन शब्द टाकतो, झालं. त्या पोरीच्या वेळी पावसामुळं टपरी बंद होती आणि नंतर माझी शिफ्ट बदलली, म्हणून ते राहून गेलं होतं. हाताचं कळल्यावर मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला पण आरशात तो बाप दिसत होता, मी म्हणून त्या रात्री आरसा वर फिरवला. एवढे दिवस मला वाटत होतं गाडीत मी एकटाच होतो.

हे उगाच जबरदस्तीनं करायचं नसतंय हं. अमेरिकेत 1980 च्या दशकात फायर ब्रिगेड आणि अँब्युलन्सवाल्यांसाठी एक पद्धत आली होती, मोठी घटना झाली की दोन-तीन दिवसात सगळ्यांना एका खोलीत बसवून काय बघितलं, काय वाटलं ते बोलायला लावायचं. जगभर पसरली. नंतर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की असं एकदाच बसवून उकरून काढल्यानं पुढचा त्रास टळत नाही, काही जणांचा वाढल्यासारखा पण दिसला, म्हणून आता तसं करू नका असं सांगतात. जे सांगतात ते साधं आहे: माणूस सुरक्षित आहे का बघा, त्याला बोलायचं असेल तर ऐका, आणि ज्याची गरज आहे त्याच्याशी जोडून द्या. आमच्या अण्णानं हे कुठंही वाचलेलं नाही.

महापुराचं पण सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ हायवे पाण्याखाली गेला, वेदगंगा-दूधगंगेकडची गावंच्या गावं पाण्यात, आम्ही कितीतरी दिवस घरी गेलो नाही. शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायचो, गावातल्या बायका भाकरी-झुणका आणून द्यायच्या, पोलीस, होमगार्ड, फायरवाले, आशाताई सगळे एका पंगतीला. दमून मेलो होतो, खरं आतून कुणी तुटलेलं नव्हतं. आणि कोविडमध्ये उलटं. पीपीई किट घालून एकटं, जेवण एकटं, घरी गेलो तरी माडीवरच्या खोलीत एकटं, पोराला खिडकीतून बघायचं. मला जे जे मोडताना दिसले ते त्या वेळचे. काम दोन्हीकडं मरणाचंच होतं. म्हणून तू पुण्यात त्या खोलीत एकटा राहतोस, नाईट करून येतोस, पडदा लावून मोबाइल बघत पडतोस, हे मला तुझ्या आयसीयूपेक्षा जास्त भीतीचं वाटतंय.

आता झोप. यावर मी तुला रागावणार आहे. तू म्हणालास महिन्यात सहा डबल ड्युटी केल्यास, हप्ता आहे म्हणून. हप्ता मला पण आहे. खरं ऐक, सलग 17 तास जागा असलेल्या माणसाचं डोकं आणि हात रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात, हे मोजून बघितलेलं आहे. आपल्याकडं गाडी चालवायला कायद्यात मर्यादा आहे 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के. म्हणजे डबल ड्युटीच्या शेवटी तू इनोट्रोपचा (हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा) पंप सेट करतोस तेव्हा पोलिसांनी धरलं असतं अशा अवस्थेत असतोस. आणि झोप नसली की मन आधी चिडतंय, मग बधिर होतंय. नाईट संपल्यावर खिडकीला जाड चादर लाव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, पहाटे तीननंतर चहा नको. लगेच झोप आली नाही तर श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोड, चार मोजून घे, सहा मोजून सोड, पाच मिनिटं. आपण पेशंटला सांगतो तेच.

खरं सगळं आपल्याच गळ्यात घालायचं हे पण मला पटत नाही. मी आधी एका ठिकाणी होतो, तिथं स्टाफसाठी अर्ध्या दिवसाचं ताणमुक्ती शिबिर ठेवलं, मोठा बॅनर, योगासनं, केळी वाटली, आणि नाईट संपवून आलेल्या पोरींना सक्तीनं बसवलं. रोस्टर तेच राहिलं. ज्या वॉर्डात माणसं कमी आहेत तिथं श्वासाचे व्यायाम शिकवून काय होणार, सांग. तुमच्या इन्चार्ज सिस्टर चांगल्या आहेत म्हणतोस ना, मग तुम्ही तिघं-चौघं मिळून जा आणि दोनच गोष्टी मागा: नाईटनंतर लगेच डबल नको, आणि पेशंट गेल्यावर ज्याचा तो पेशंट होता त्याला दहा मिनिटं बाहेर सोडा, तेवढ्यात बेड दुसरा कुणीतरी बघेल. दहा मिनिटं. एकट्यानं मागितलं तर कामचुकार म्हणतील, चौघांनी मागितलं तर ऐकतील.

अजून एक विचारतो, आणि हे मी मुद्दाम विचारतोय, फिरवून विचारत नाही. जीव नकोसा झालाय, संपवून टाकावं, असले विचार येतात काय? येत असतील तर मला सांग, रात्री दोनला सांग, चारला सांग, यावेळी मी उठून बसेन. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घातला जात नाही, हे आपण शिकलोय.

मी स्वतः डॉक्टरांना दाखवलं हे पण आता सांगूनच टाकतो. ते डोळ्यासमोर येणं, दचकून उठणं, टाळाटाळ, महिनाभराच्या वर चाललं की आपोआप जाईल म्हणून थांबायचं नसतंय. मला कणकुंबीकडचा कॉल लागला की छातीत धडधडायचं. आधी 14416 ला फोन केला, टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालीय, बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आजारांचं मोठं हॉस्पिटल) तिचं मुख्य केंद्र आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. पलीकडच्या बाई घाई न करता बोलल्या. मग सायकिॲट्री ओपीडी, गोळी काही महिने आणि बोलणं जास्त. भीती मला पण होती, कुणाला कळलं तर नोकरीत डाग लागेल. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्तता हा पेशंटचा हक्क केलाय, डॉक्टर तुझ्या हॉस्पिटलला सांगू शकत नाहीत. तुला स्वतःच्या हॉस्पिटलात जायचं नसेल तर दुसरीकडं जा. गेलास तर फाइल मी धरून बसतो बाहेर.

हात आता रात्री मिटत नाही. कणकुंबीचा कॉल येतो तेव्हा अजून एक क्षण घसा कोरडा होतो, मग जातो. ड्युटीवरून येताना मी बासमतीच्या शेताजवळ गाडी थांबवतो, राजहंसगड दिसतो तिथं, दहा मिनिटं उभा राहतो, युनिफॉर्मचा शर्ट तिथंच काढून पिशवीत घालतो आणि बनियनवर घरी येतो. आई म्हणते लोक काय म्हणतील. खरं त्या शर्टासकट घरात शिरायचं नाही हे मी ठरवलंय. पोर आता दारातच अंगावर उडी मारतंय.

शनिवारी माझा ऑफ आहे. शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघतो, सकाळी तुझी नाईट सुटेल तेव्हा मी गेटवर असेन. बेळगावचा कुंदा, आणि आईनं केलेल्या तिळाच्या भाकरी आणतोय. आल्या आल्या काही बोलायचं नाही, आधी जेवायचं आणि झोपायचं, मी पण बसमध्ये कुठला झोपतोय. संध्याकाळी उठलो की चहाला जाऊ. सात नंबर बेडचं तुला सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर दुसरा चहा घेऊ. शनिवारी डबल ड्युटी घेतली असशील तर आजच बदलून घे आणि मला मेसेज टाक, आणि वहिनीला उद्या सकाळी व्हिडिओ कॉल कर, बाळाला दोन दात आलेत.

तुझाच,
पप्या