फ्लॅट तारण ठेवण्यापूर्वी: मुक्तास पत्र

गंगापूर रोड, नाशिक
दि. ११ जानेवारी २०२६

चि. मुक्ता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेत संगणकशास्त्रात एम.एस. करण्यासाठी आपला फ्लॅट बँकेकडे तारण ठेवता येईल का, असे तू फोनवर विचारलेस. ठेवता येईल. मात्र ठेवावा का, हे फोनवर सांगून होण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बँकेच्या कर्ज विभागात माझी उमेदीची वर्षे गेली आणि परदेशी शिक्षणाच्या किती तरी फाइली माझ्या टेबलावरून पुढे सरकल्या, त्यामुळे या पत्रात काळजीपेक्षा आकडेमोड जास्त आढळली तर नवल मानू नकोस.

दिंडोरीच्या बागेचा विषय आधी मिटवते, कारण काकांनी मोठ्या मनाने तीही देऊ केली आहे. थकीत कर्जाची वसुली करण्यासाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला शेतजमिनीचे तारण बँका सहसा घेत नाहीत. बिनशेती प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव चालते. म्हणजे प्रश्न आपल्या घराचाच आहे.

आता हिशेब. फी आणि राहणे-खाणे मिळून ४५ लाखांचे कर्ज धरू. ते चार सत्रांत हप्त्याहप्त्याने उचलले जाईल आणि शिक्षण संपल्यानंतर सहा महिन्यांनी परतफेड सुरू होईल. व्याज मात्र पहिला हप्ता उचलल्या दिवसापासून चढू लागते, ही गोष्ट फाइलवर सही करणारे पालकसुद्धा नीट ऐकून घेत नाहीत. दहा टक्के दर धरला तर परतफेड सुरू होईपर्यंत सुमारे ८ लाखांचे व्याज साचते आणि ५३ लाखांवर दहा वर्षांसाठी मासिक हप्ता ७० हजारांच्या घरात जातो. डॉलरच्या आजच्या भावाने तो ७८० डॉलरच्या आसपास होतो, आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अभियंत्याला तो जड नाही. हाच हप्ता पुण्यात वर्षाला पंधरा लाखांच्या नोकरीतून भरायचा झाला तर हातात येणाऱ्या पगाराचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्यातच जाईल. आयकराच्या कलम ८०ई खालची व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच उपयोगाची, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

माझे म्हणणे तोच हप्ता तिथे आणि इथे भरण्यातल्या या फरकात आहे. इतके मोठे कर्ज घेऊन गेलेल्या मुलीला तिथे राहावेच लागते. काम आवडो वा न आवडो, माणसे चांगली असोत वा नसोत, परत येण्याचा विचार मनात आला की आधी हप्ता आठवतो. तू म्हणतेस, ‘दोन वर्षे शिकेन, थोडा अनुभव घेईन, मग बघू.’ हे ‘मग बघू’ ज्याच्या जोरावर म्हणता येते, ते स्वातंत्र्य अशा कर्जात उरत नाही, आणि विद्यापीठाच्या खर्चाच्या तक्त्यात त्याचा रकाना नसतो.

शिवाय तिथे राहणे आपल्या हातात किती आहे, तेही पाहा. संगणकशास्त्राची पदवी घेतल्यावर ओ.पी.टी.चे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि त्यांना जोडून मिळणारे २४ महिने, अशी तीन वर्षे काम करता येते. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याच्या वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत, आणि अर्ज त्याहून खूप अधिक असल्याने सोडत निघते. येत्या २७ फेब्रुवारीपासून लागू होणाऱ्या नियमानुसार ही सोडत वेतनस्तराला झुकते माप देणार आहे. चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या, स्तराचा अर्ज सोडतीत चार वेळा धरला जाईल आणि पहिल्या स्तराचा एकदाच, म्हणजे नुकत्याच पदवी घेतलेल्यांची बाजू त्या प्रमाणात लंगडी झाली. गेल्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर आकारण्याची घोषणा झाली, तेव्हा तुमच्या ग्रुपवर किती गदारोळ झाला होता, हे तूच सांगितले होतेस. न्याय्य बाजूही मांडायला हवी: पुढे आलेल्या खुलाशाप्रमाणे अमेरिकेतच विद्यार्थी म्हणून असलेल्यांनी तिथल्या तिथे व्हिसाचा प्रकार बदलून घेतला तर ही रक्कम लागत नाही. म्हणजे कंपनीकडून पुण्याहून थेट पाठवले जाणे महाग झाले आणि तिथे शिकून नोकरी मिळवण्याची वाट त्या मानाने स्वस्त राहिली. एम.एस.च्या बाजूचा हा आज तरी सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तू तो मांडला नाहीस याचे मला आश्चर्य वाटले. पण या गोष्टींना न्यायालयात आव्हाने दिली जात आहेत, एका सहीने त्या बदलतात, आणि कर्जाची मुदत दहा वर्षांची आहे. ग्रीन कार्डाविषयी तर बोलायलाच नको. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० कार्डे आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांमध्ये मोजली जाते.

दूरच्या नियमाचा फटका जवळच्या कर्जाला कसा बसतो, हे आपल्या जिल्ह्याने पाहिलेले आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या संजीवकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि आपले कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले. माल उत्तम होता, बागाइतदार मेहनती होते, पण निर्णय झाला तो तिकडे आणि कर्ज राहिले ते निफाड-दिंडोरीच्या शाखांमधून. त्या बागाइतदारांनी निर्यात सोडली नाही. अवशेषांची तपासणी काटेकोर केली आणि पुन्हा माल पाठवला. म्हणून ‘जाऊ नकोस’ असे मी म्हणत नाही. माल अडकला तर घर चालेल का, एवढे आधी पाहावे.

आता शिकायच्या विषयाकडे येते, कारण तिथेच मला तुझा हेतू नीट दिसलेला नाही. एका विमा कंपनीच्या जुन्या प्रणालीच्या देखभालीत तीन वर्षे गेली, नवे काही शिकायला मिळत नाही, म्हणून एम.एस. करायचे, असे तू सांगितलेस. हे कारण नोकरी बदलण्याचे आहे. प्रोजेक्टला कंटाळलेल्या माणसाने अर्धा कोटी रुपये खर्चून प्रोजेक्ट बदलू नये, त्याने आधी हिंजवडीतच चार मुलाखती द्याव्यात. पण दिवाळीत तू घरी होतीस तेव्हा रात्री उशिरापर्यंत डेटाबेस आतून कसा चालतो, निरनिराळ्या ठिकाणच्या सर्व्हरांमध्ये एकवाक्यता कशी राखतात, याविषयी बाबांना समजावून सांगत होतीस. त्यांना त्यातले निम्मे कळले नसावे, परंतु तुझा चेहरा पाहून तेही जागे राहिले. ते तुला शिकायचे असेल तर गोष्ट वेगळी. मग विद्यापीठाची क्रमवारी बाजूला ठेव आणि त्या विषयावर काम करणारे प्राध्यापक कुठे आहेत, त्यांच्या प्रयोगशाळेत एम.एस.च्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो का, प्रबंधासह पदवी आहे की नुसते विषय उत्तीर्ण होऊन मिळणारी, हे शोध. आणि संशोधन करावेसे मनापासून वाटत असेल तर पीएच.डी.चाही विचार कर, कारण अमेरिकेत बी.ई.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, आणि तिथे फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळण्याची शक्यता एम.एस.पेक्षा पुष्कळ अधिक असते. पाच-सहा वर्षे लागतात हे खरे, पण घर गहाण पडत नाही.

अमेरिकेखेरीज दोन वाटांकडे तू पुरेसे पाहिलेले दिसत नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजूनही शिक्षणशुल्क नाही. अपवाद वाढत आहेत: बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरीच मोठी फी लावली आहे. वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, पण ते पैसे आपलेच असतात आणि महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे हाती येतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अडचण भाषेची आहे. वर्ग इंग्रजीत भरतात, मात्र नोकरीच्या बाजारात जर्मन येणाऱ्याला दारे अधिक उघडतात, आणि ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या तिथल्या नोकरीच्या परवान्यावर, काम करणाऱ्याला बी१ म्हणजे मध्यम पातळीची भाषा येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. तू पुण्यात आहेस, जर्मन शिकवणारे मॅक्सम्युलर भवन तिथेच आहे. एका वर्षात भाषेची गोडी लागते की नाही ते कळेल, आणि तेवढ्यासाठी राजीनामा द्यावा लागणार नाही. ब्रिटनचा एका वर्षाचा अभ्यासक्रम मला मोहात पाडत नाही. पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे.

दुसरी वाट घरची. गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूच्या आयआयएस्सीमध्ये एम.टेक. करणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. तुझ्या पगारापुढे ते तुटपुंजे आहे, तरी विषय अस्सल शिकायला मिळतो आणि डोक्यावर कर्ज राहत नाही. जॉर्जिया टेकचा संगणकशास्त्रातला ऑनलाइन एम.एस. २०१४ पासून चालू आहे आणि त्याचा पूर्ण खर्च दहा हजार डॉलरच्या आत राहतो. त्यातून व्हिसा मिळत नाही, हे उघड आहे. तरीही नोकरी सांभाळून त्याचे दोन कठीण विषय तू निभावून नेलेस, तर तुला पदवी हवी आहे की देश बदलायचा आहे, हे तुझे तुलाच कळेल. देश बदलायची इच्छा असण्यात गैर काहीच नाही, फक्त ती स्वतःशी कबूल करावी, म्हणजे तिच्यासाठी सर्वांत स्वस्त रस्ता शोधता येतो.

आमच्याविषयी एकच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बाबांच्या पिढीला गाव न सोडता नोकऱ्या मिळाल्या. तुमच्या शाखेला नाशिकने तसे फारसे काही दिले नाही, म्हणून तू पुण्यात आहेस. मुलगी दूर राहण्याची सवय आम्हाला झालेली आहे, तेव्हा बाबांचे गुडघे आणि माझी साखर या निर्णयात धरू नकोस. कॉलेज रोडवर भेटणाऱ्या मावश्या ‘मुक्ता अजून इथेच का?’ असे विचारतात, त्याचाही विचार करू नकोस. त्यांना उत्तर द्यायला मला आवडते.

माझ्या अटी सांगते, कारण सहकर्जदार म्हणून सही मी करणार आहे. कर्ज २५ लाखांच्या आत बसत असेल, म्हणजे परत यावे लागले तरी पुण्याच्या पगारातून हप्ता निघेल, तर देश कोणताही असो, फ्लॅट तारण ठेवायला माझी हरकत नाही. त्याहून जास्त लागत असेल तर वरची रक्कम तुझ्या बचतीतून किंवा विद्यापीठातल्या पगारी सहायकपदातून उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी चालेल. १५ तारखेला ज्या विद्यापीठांची मुदत संपते, त्यांचे अर्ज घाईने भरू नकोस. प्रबंधाची सोय असलेल्या चार-पाच ठिकाणांची यादी, प्रत्येकाची फी आणि संबंधित प्राध्यापकांची नावे मला महिनाअखेरपर्यंत पाठव. बाबांनी फ्लॅटचा इंडेक्स टू हा खरेदी-नोंदणीचा उतारा आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट कपाटातून काढून ठेवले आहे, तुझी यादी आली की मूल्यांकनासाठी माणूस बोलावू. पासपोर्टची मुदत किती उरली आहे, तेही कळव.

तुझी,
आई