हरभऱ्याच्या शेतात बंदूक नको, राखण हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीच्या पेरण्या तोंडावर आल्या की पारव्यांचा विषय निघतोच. पण या वेळी त्यावर सुचवला जाणारा उपाय मला धोक्याचा वाटतो, म्हणून हे पत्र. इंग्लंडमधील काही चित्रफिती सध्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फिरत आहेत. शेतात प्लास्टिकची खोटी कबुतरे मांडायची, त्यांच्यात पंख हलवणारे किंवा गरगर फिरणारे यंत्र बसवायचे, आपण जाळीच्या आडोशाला दबा धरायचा आणि सोबत्यांना पाहून खाली उतरणाऱ्या थव्यावर छऱ्यांच्या बंदुकीने बार काढायचे, अशी ती पद्धत आहे. आपल्याकडेही हेच करायला हवे, असे निफाड-दिंडोरी भागातले काही तरुण शेतकरी बोलू लागले आहेत. त्यांचा संताप खरा आहे. पेरलेला हरभरा उगवण्याआधीच टिपला गेला तर बियाणे आणि मजुरी तर जातेच, शिवाय दुबार पेरणीसाठी जमिनीत ओलही उरत नाही.

मात्र त्या चित्रफितींतला पक्षी आपला पारवा नव्हे. तो ‘वुड पिजन’ म्हणून ओळखला जातो, मानेवर पांढरा डाग असलेला, पारव्यापेक्षा बराच मोठा. थंडीत तो मोहरीवर्गीय तेलबियांची आणि कोबीवर्गीय पिकांची हिरवी पाने महिनोन्‌महिने खातो, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याची लढाई सबंध हिवाळा चालते. आपला पारवा मुख्यतः दाणे टिपणारा आहे. हरभऱ्याला त्याच्यापासून खरा धोका पेरणीपासून कोंब वर येईपर्यंतच्या आठ-दहा दिवसांचा असतो, आणि एवढ्या दिवसांसाठी बंदूक लागत नाही, राखण लागते.

तिथेही ही शिकार मनाला येईल तशी करता येत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी परवान्याच्या अटी पाळाव्या लागतात. आधीचे सरसकट परवाने २०१९ मध्ये कायदेशीर आव्हानानंतर मागे घेतले गेले आणि नंतर नव्या अटींसह आले. पक्षी न मारता करायचे उपाय आधी करून पाहावेत, ही अपेक्षा त्यांत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गेल्या शतकाच्या मध्यात तिथल्या सरकारने कबुतरे मारण्यासाठी काडतुसांवर सवलतही देऊन पाहिली. त्या काळात केंब्रिजशरमध्ये रॉनल्ड मर्टन या संशोधकाने अनेक वर्षे अभ्यास करून असे दाखवले, की हिवाळ्यात किती कबुतरे जगणार हे मुख्यतः उपलब्ध चाऱ्यावर ठरते आणि बंदुकीने मारलेल्यांपैकी बरीचशी एरवीही उपासमारीने मेलीच असती. पुढे ती सवलत बंद झाली.

आपल्या शिवाराचा विचार केला तर अडचणी आणखी वाढतात. एक-दोन एकरांचे तुकडे, बांधाला बांध, शेजारच्या द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बाया, पलीकडे वस्ती आणि शाळेचा रस्ता. छऱ्यांच्या बंदुकीतून सुटलेले छरे दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे विसरून चालणार नाही. खोट्या पक्ष्यांचे काम मुळात कबुतरांना बोलावण्याचे असते, म्हणजे जे थवे कदाचित पुढे निघून गेले असते तेही आपण आपल्याच पेरणीवर उतरवणार. शिशाचे छरे मातीत राहतात आणि दाणे टिपणारे पक्षी ते खड्यांबरोबर गिळतात. ब्रिटन सरकारनेही २०२५ मध्ये अशा छऱ्यांवर निर्बंध आणण्याचा निर्णय जाहीर केला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे अडकली तेव्हा काय हाल झाले, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगायला नको. त्याने आपल्या जमिनीत शिसे का पेरावे? शिवाय महाराष्ट्रातले पहिले रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र, नांदूर मध्यमेश्वर, याच निफाड तालुक्यात आहे.

कायद्याचा प्रश्नही साधा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकार या शब्दाच्या व्याख्येत जीव घेण्याबरोबरच सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. पारव्याविषयी कोणी वाद घालील; पण एकदा बंदूक हाती आली की ती पारव्यापाशी थांबणार नाही, द्राक्षांवर येणारे पोपट, साळुंक्या आणि भोरड्याही तिच्यापुढे येतील, आणि या पक्ष्यांना कायद्याचे संरक्षण आहे. आपला राज्यपक्षी हरियाल हाही कबुतराच्याच कुळातला आहे, याची आठवण इथे करून द्यावीशी वाटते.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. घाटे अळीसाठी हरभऱ्यात पक्षीथांबे उभारा, असे कृषी विद्यापीठे आणि कृषी विभाग आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आहेत. त्या थांब्यांवर बसून कोतवाल आणि साळुंक्या अळ्या टिपतात, म्हणून फवारणीचा खर्च हलका होतो. पेरणीच्या वेळी ज्या शेतात बार वाजवून पक्षी पळवून लावले, त्याच शेतात महिन्या-दीड महिन्याने ते अळ्या खायला कसे यावेत?

करण्यासारखे बरेच आहे. बियाणे उथळ पडू न देता मातीने नीट झाकावे आणि शिवारातल्या शेजाऱ्यांनी शक्यतो एकाच आठवड्यात पेरणी करावी, म्हणजे सगळे थवे एकाच शेतावर तुटून पडत नाहीत. सकाळी आणि दुपारनंतर, थवे उतरतात त्या वेळी, राखणीला माणूस हवाच. चमकत्या पट्ट्या आणि बुजगावणी दोन-तीन दिवसांनी जागा बदलून लावली नाहीत तर पक्षी त्यांना सरावतात. द्राक्षबागेत जाळी ताणून लावावी, कडा मोकळ्या ठेवू नयेत आणि रोज एक फेरी मारावी, कारण सैल जाळीत उंदीर खाणारी घुबडे आणि साप अडकून मरतात. चांगली जाळी महाग पडते हे खरे आहे, म्हणूनच तिला अनुदान मिळाले पाहिजे.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो आणि त्याच सुमारास आपल्याकडे हरभरा-गव्हाच्या पेरण्या चालू असतात. त्या आठवड्यात कृषी विभाग आणि वन विभागाच्या अधिकाऱ्यांनी शाळांबरोबर बांधावरही यावे, पारव्यांनी उकरलेली शेते डोळ्यांनी पाहावीत, पक्ष्यांमुळे झालेल्या नुकसानीची नोंद शेतकऱ्याने कोणाकडे करायची हे गावनिहाय लेखी कळवावे आणि सामुदायिक राखण व जाळीच्या अनुदानाचा प्रस्ताव याच हंगामात शासनाकडे पाठवावा, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
तालुका निफाड, जिल्हा नाशिक